सीताफळाच्या झाडापासून लेकरांच्या मेंदूपर्यंत : कमलताई रणदिवे आणि पुढचं काम



आपल्या गटाच्या बैठकीत कॅन्सरचा विषय निघाला की दोन गोष्टी होतात. एक तर आवाज खाली जातो. आणि कुणीतरी म्हणतं, "जाऊ द्या, तो विषय नको." त्यातून लहान मुलाचा कॅन्सर म्हटलं की बोलायलाच नको. पण न बोलण्यानं दुखणं टळत नाही, फक्त ते उशिरा कळतं. म्हणून या वेळी आपण एका शास्त्रज्ञ बाईची ओळख करून घेऊ. त्यांनी आयुष्यभर कॅन्सरवर संशोधन केलं आणि उतारवयात त्या आपल्याच जिल्ह्यात काम करायला आल्या. त्यांनी रोवलेल्या कामातून आज लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींबद्दल काय कळलंय, आणि आई म्हणून, आजी म्हणून, अंगणवाडी ताई म्हणून आपण काय लक्षात ठेवायचं, तेही पाहू.

पुण्याची कमल समर्थ

8 नोव्हेंबर 1917 ला पुण्यात कमल समर्थ यांचा जन्म झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींनीही नीट शिकलं पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. कमलताई हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेत शिकल्या, मग फर्ग्युसनमधून पदवी घेतली. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टर नवराच करावा, असं वडिलांच्या मनात होतं. कमलताईंनी दोन्ही केलं नाही. त्यांना झाडं आणि प्राणी आतून कसे चालतात हे शोधायची ओढ होती. 1939 साली त्यांनी गणिताचे अभ्यासक असलेल्या ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं आणि त्या मुंबईला गेल्या.

आपल्याकडे लग्न झालं की पोरीचं शिक्षण थांबतं. कमलताईंचं थांबलं नाही. 1943 ला त्यांनी एम.एस्सी. केलं. विषय काय होता ठाऊक आहे? सीताफळ, रामफळ यांचं जे झाडांचं कूळ आहे, त्या झाडांच्या पेशींतली गुणसूत्रं. आपल्या बालाघाटच्या डोंगरावर उगवणारं सीताफळ! प्रत्येक पेशीच्या पोटात गुणसूत्रं असतात आणि आईबापाकडून आलेली सगळी लिखापढी त्यांच्यावर असते. झाडाचं पान कसं असावं, माणसाचे डोळे कोणत्या रंगाचे असावेत, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. त्या लिखाणात चूक झाली, पेशीला थांबायचं कळेनासं झालं आणि ती वाढतच सुटली, की त्याला म्हणायचं कॅन्सर. सीताफळाच्या पेशीकडून कॅन्सरच्या पेशीकडे जाणारी वाट म्हणून फार लांबची नव्हती.

उंदरांच्या चार जाती

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं होतं. तिथं डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मोठे रोगनिदानतज्ज्ञ होते. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी काम धरलं. घर, संसार, नोकरी आणि अभ्यास. नवऱ्यानं साथ दिली, म्हणून चाललं. 1949 ला त्यांना पीएच.डी. मिळाली.

त्या काळात त्यांनी उंदरांच्या चार जाती घेतल्या. एका जातीत स्तनाचा कॅन्सर फार होई, दुसरीत कमी, एखादीत जवळजवळ नाहीच. चौघींच्या दुधाच्या ग्रंथी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करून पाहिल्या. प्रश्न साधा होता : एकीला होतो आणि दुसरीला होत नाही, हे कशामुळे? पुढे वर्षानुवर्षं त्या याच प्रश्नामागे राहिल्या. स्तनाच्या कॅन्सरचा अनुवंशाशी, म्हणजे घराण्याशी, आणि शरीरातल्या संप्रेरकांशी संबंध आहे, हे आपल्या देशात सुरुवातीला मांडणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. आज डॉक्टर विचारतात, "आईला, मावशीला, बहिणीला गाठ झाली होती का?" त्या प्रश्नामागे अशा अनेकांचे कष्ट आहेत.

काचेत पेशी वाढवायची विद्या

मग कमलताई शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेल्या, बाल्टिमोर शहरात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. तिथं त्या एक विद्या शिकल्या : शरीरातून काढलेल्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवायच्या.

हे विरजणासारखं समजा. चमचाभर विरजण कोमट दुधात घातलं, ऊब दिली, की त्यातले जीव वाढतात. दूध फार तापलेलं असलं तर मरतात, गार असलं तर वाढत नाहीत. पेशींचंही तसंच आहे. त्यांना योग्य खाणं, योग्य ऊब आणि कमालीची स्वच्छता लागते. पेशी काचेत वाढू लागल्या की औषध आधी त्यांच्यावर करून पाहता येतं. माणसाच्या जिवाशी खेळावं लागत नाही.

याच गाय यांच्या प्रयोगशाळेची एक गोष्ट बायकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. 1951 साली हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब, काळी अमेरिकन बाई गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं आजारी होती. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशी काचेत वाढल्या, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. कितीतरी औषधं, लसी त्यांच्यामुळे झाल्या. पण तिच्या घरच्यांना कित्येक वर्षं याचा पत्ताच नव्हता. आता संशोधनासाठी पेशंटची लेखी संमती लागते. म्हणून दवाखान्यात कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी "यात काय लिहिलंय, मला समजेल असं सांगा" असं विचारायचं. तो आपला हक्क आहे, उद्धटपणा नाही.

कमलताई परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी अशी पेशी वाढवायची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती या प्रकारची पहिली मानली जाते. पेशींना लागणारं खाणं बाहेरून आणायचं तर पैसा आणि वेळ दोन्ही जायचा. ते कमलताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथंच तयार करायला सुरुवात केली. 1966 ते 1970 या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केलं. 1982 साली सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं.

बारा जणींचा गट

1973 साली कमलताई आणि त्यांच्या अकरा सहकारी मैत्रिणींनी भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना सुरू केली. एक अधिक अकरा, बारा! आपल्या बचत गटाएवढीच संख्या. कारणही आपल्यासारखंच. शिकलेल्या बायका प्रयोगशाळेत यायच्या, पण मूल झालं की त्याला ठेवायचं कुठं, नोकरीच्या गावी राहायचं कुठं, हे प्रश्न एकटीनं सुटत नव्हते. पुढे या संघटनेनं नवी मुंबईत वाशीला नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवलं. म्हणजे मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या बायकांनाही शेवटी गटच करावा लागला.

निवृत्तीनंतर कमलताई घरी बसल्या नाहीत. आपला जिल्हा तेव्हा अहमदनगर होता. इथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती त्यांनी गोळा केली, आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देण्याचं काम केलं. आपल्याला हे नवीन वाटणार नाही. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना, त्यातल्या कितीतरी शाळेची पायरीही न चढलेल्या, आरोग्य कार्यकर्ती म्हणून उभं केलं होतं. गावातल्या बाईला नीट सांगितलं तर ती आजार ओळखू शकते, हा विश्वास दोन्हीकडे होता. 2001 साली कमलताई गेल्या.

पुढची पिढी : खारघरची प्रयोगशाळा

कमलताईंची संस्था पुढे वाढत गेली. 2002 साली ती मुंबईतून नवी मुंबईजवळ खारघरला गेली. आज तिला 'ॲक्ट्रेक' म्हणतात. टाटा स्मारक केंद्राचाच तो भाग आहे. तिथं डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेनं लहान मुलांच्या मेंदूतल्या एका गाठीवर अनेक वर्षं काम केलं. या गाठीचं नाव आहे मेड्युलोब्लास्टोमा. नाव अवघड आहे, पण मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कॅन्सरच्या गाठींत हीच सर्वांत जास्त आढळते.

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. चालताना तोल सांभाळणं, हात नेमका घासाकडे नेणं हे त्याचं काम. ही गाठ तिथं होते. मेंदूभोवती एक पाणी सतत फिरत असतं. गाठीनं त्याची वाट अडली की पाट तुंबल्यावर शेतात पाणी साचतं तसं ते डोक्यात साचतं आणि दाब वाढतो. मुलाचं डोकं दुखतं, उलट्या होतात. रात्रभर आडवं झोपल्यानं दाब आणखी वाढतो, म्हणून त्रास बहुतेक वेळा सकाळी उठल्या उठल्या होतो. उलटी झाली की थोडं बरंही वाटतं. मग आपण म्हणतो, पित्त झालं असेल.

उपचार तीन : ऑपरेशन करून गाठ काढणं, नंतर मेंदू आणि पाठीच्या कण्याला किरण देणं, म्हणजे आपण ज्याला 'शेक' म्हणतो ते, आणि केमो, म्हणजे सलाईनमधून औषधं. यानं कितीतरी मुलं जगतात. पण वाढत्या मेंदूला किरण दिल्याची किंमतही असते. शिकायला जड जातं, उंची कमी राहते, काही औषधांनी ऐकू कमी येतं. मूल जितकं लहान, तितकं नुकसान जास्त. म्हणून फार लहान बाळांना डॉक्टर होता होईल तो किरण देणं टाळतात.

आता शास्त्रज्ञांपुढे प्रश्न असा : कोणत्या मुलाला जबर उपचार हवेत, आणि कोणाचं थोडक्यात भागेल? सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याच गाठी सारख्याच दिसतात. पण जगभरच्या अभ्यासातून कळलं की ही एक गाठ नाही, चार मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारातली बहुतेक मुलं बरी होतात. दुसऱ्या एका प्रकारात गाठ फार आडमुठी असते. पिशवीत सगळं बियाणं सारखंच दिसतं, पण वाण वेगळा असतो, तसं हे.

वाण ओळखायच्या परदेशी पद्धती महागड्या, आणि त्यांना ताजा, गोठवून ठेवलेला तुकडा लागायचा. आपल्या दवाखान्यांत गाठीचा तुकडा मेणात बुडवून जपतात. मेणातल्या तुकड्यातलं बरंचसं नाजूक लिखाण तुटून जातं. पण पेशीत काही फार छोटे रेणू असतात, त्यांना मायक्रो-आरएनए म्हणतात. ते छोटे म्हणूनच मेणातही टिकतात. शिरसाट यांच्या गटानं हे रेणू आणि काही ठरावीक जनुकं मोजून चारही प्रकार ओळखायची चाचणी तयार केली. 2013 साली ती जगापुढे मांडली. चाचणीचं तंत्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे : पीसीआर. कोरोनात नाकात काडी घालून जी तपासणी झाली, तिच्याच घराण्यातली ही.

पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. सौम्य प्रकारच्या गाठीत यातले काही रेणू भरपूर असतात. तसला एखादा रेणू आडमुठ्या गाठीच्या पेशींत घातला तर काय होतं, हे त्यांनी काचेत वाढवलेल्या पेशींवर आणि उंदरांवर करून पाहिलं. पेशींची वाढ मंदावली. हे अजून औषध झालेलं नाही, हे नीट लक्षात घ्या. प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतची वाट लांब असते. पण काचेतल्या पेशी आणि उंदीर, म्हणजे कमलताईंनी घालून दिलेलीच ही वाट.

चुकलेला अंदाजही उपयोगी

शास्त्रज्ञांचं सगळं बरोबरच येतं असं नाही. सौम्य प्रकारची गाठ असलेल्या मुलांना पाठीच्या कण्याचे किरण पूर्ण वगळले तर चालेल का, हे टाटा स्मारक केंद्रातल्या डॉक्टरांनी मोजक्या मुलांवर, पालकांना विचारून, बारकाईनं लक्ष ठेवून तपासलं. हेतू चांगला होता, मुलांचं नुकसान वाचवायचा. पण काही मुलांत गाठ परत आली. तेव्हा त्यांनी तो प्रयोग लगेच थांबवला आणि तसं जाहीरपणे लिहिलं, म्हणजे दुसरीकडे कुणी तीच वाट धरू नये. पुढचा विचार असा, की किरण पूर्ण वगळायचे नाहीत, पण मात्रा कमी करता येते का ते पाहायचं.

यात आपल्यासाठी धडा आहे. "गाठ काढली, पोरगं खेळायला लागलं, आता शेक कशाला?" असं म्हणून मधेच घरी निघून यायचं नाही. दिसत नसलं तरी पेशी उरलेल्या असू शकतात. किती कमी करायचं ते डॉक्टर तपासून ठरवतात, आपण अंदाजानं नाही.

आपल्या हातात काय आहे?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या शंभरातली ऐंशीहून जास्त मुलं बरी होतात. गरीब आणि मध्यम देशांत कित्येक ठिकाणी तिसाहूनही कमी. आजार तोच, मग फरक का? उशिरा कळणं, चुकीचं निदान होणं, उपचार अर्ध्यात सोडणं, औषध न मिळणं. यातल्या पहिल्या तीन गोष्टींत गावातली बाई बराच फरक पाडू शकते.

आधी एक सांगते, घाबरू नका. मुलांचं डोकं दुखणं, उलटी होणं हे बहुतेक वेळा साध्या कारणानं असतं. मेंदूतली गाठ फार क्वचित होते. पण पुढच्या गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या, वाढत गेल्या किंवा दोन-तीन एकत्र दिसल्या, तर थांबायचं नाही :

• सकाळी उठल्यावर वारंवार डोकं दुखणं आणि उलटी होणं. जुलाब नाही, ताप नाही, तरी उलटी.
• चालताना झोक जाणं, सारखं पडणं, हातातून वस्तू सांडणं. आधी नीट चालणारं मूल भिंत धरून चालायला लागणं.
• डोळा नव्यानं तिरळा होणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, मान एका बाजूला कलती ठेवणं.
• पहिल्यांदाच फिट येणं. अशा वेळी दोन आठवडे वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.
• अभ्यासात, वागण्यात अचानक फरक, सारखी गुंगी. गुंगी वाढत असेल तर 108 ची गाडी बोलवा.
• तान्ह्या बाळाचं डोकं फार भराभर वाढणं, टाळू फुगलेली दिसणं.

कुठं जायचं? आधी खर्ड्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि डॉक्टरांना सगळं क्रमानं सांगायचं : कधीपासून, सकाळी की संध्याकाळी, चालणं कसं आहे. "पित्त झालंय" असं आपणच सांगून मोकळं व्हायचं नाही. डोळ्याच्या आत उजेड टाकून पाहिलं तरी दाब वाढल्याची खूण मिळू शकते. मग गरजेप्रमाणे नगरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या ठिकाणी सीटी स्कॅन, एमआरआय. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही मूल दाखवा. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

खर्चाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा खर्च निघतो. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला भेटायचं. रेशनकार्ड आणि मुलाचं आधारकार्ड जवळ ठेवा, मुलाचं नाव रेशनकार्डावर चढवलेलं आहे ना ते आजच पाहा. ऐन वेळी इथंच अडतं. टाटा हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभागही असतो. राहायची, खायची, पैशाची अडचण तिथं बोलायची, लाजायचं नाही.

आणि शेवटची गोष्ट. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आईनं ग्रहणात काही केलं म्हणून होत नाही, कुणाच्या नजरेनं होत नाही. मुलांच्या बहुतेक गाठींचं कारण घरातल्या कुणाची चूक नसते. म्हणून ज्या घरात असं लेकरू आहे, त्या आईला बोल लावायचा नाही. उपचार महिनोन्‌महिने चालतात. आई मुंबईला अडकते, इकडे दुसरं मूल, म्हातारी सासू, गाय-शेळ्या असतात. त्या वेळी गटानं तिच्या कर्जाच्या हप्त्याला मुदत द्यावी, तिच्या जनावरांकडे आळीपाळीनं बघावं, परत आलेल्या मुलाला शाळेत सांभाळून घ्यायला गुरुजींशी बोलावं. उपचार अर्ध्यात सुटतात ते बहुतेक वेळा अशाच कारणांनी.

पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि वरची लक्षणं एकीनं मोठ्यानं वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याही घरात लेकरं आहेत.